खाडीवरची वायरलेस लिंक दिवसातून चारदा बुडते: रिट्राय वाढवण्याआधी पाणी बघा

वासिष्ठीच्या खाडीकाठी एका धक्क्यावर मच्छीमार सोसायटीचं कार्यालय आहे. फायबर आली आहे ती डोंगरावरच्या वाडीपर्यंत, खाली नाही. म्हणून वर पाण्याच्या टाकीवर एक डिश आणि खाली सोसायटीच्या गच्चीवर दुसरी. मधलं अंतर ५.२ किलोमीटर, त्यातलं बहुतेक पाण्यावरून. रेडिओ वाय-फायच्याच जातीचे, ५.८ गिगाहर्ट्झवर चालणारे. ही लिंक मी सांभाळतो. तिच्यावर होड्यांच्या डिझेलच्या नोंदी, बर्फ कारखान्यातले तापमानाचे सेन्सर, धक्क्यावरचा कॅमेरा आणि लिलावाच्या वेळचे पैशांचे व्यवहार असं सगळं चालतं. लिंक पडली की लिलाव थांबतो, आणि मासळी थांबत नाही.

तक्रार एकच होती, पण परत परत यायची. मध्येच सगळं अडकतं, पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) तीन-तीन सेकंदांवर जातं, निम्मी पॅकेटं (माहितीचे छोटे तुकडे) हरवतात आणि तासाभराने आपोआप सुरळीत होतं. आपण जाऊन बघावं तर सगळं ठीक. अशा लिंक कोकणात ठिकठिकाणी आहेत आणि त्या सांभाळणारे बरेचजण याच फेऱ्यात अडकलेले असतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

रिट्राय वाढवून काय झालं

पॅकेट हरवतात म्हटल्यावर पहिला हात जातो तो रिट्रायच्या, म्हणजे फेरपाठवणीच्या, आकड्याकडे. वायरलेसमध्ये प्रत्येक फ्रेम (पॅकेट हवेतून जातं ते या रूपात) पोचली की पलीकडचा रेडिओ लगेच पोच देतो. पोच आली नाही तर पाठवणारा तीच फ्रेम पुन्हा पाठवतो. किती वेळा, याला मर्यादा असते. वाय-फायमध्ये छोट्या फ्रेमसाठी ती सहसा ७. आम्ही ती २० केली. दोन दिवस बरं वाटलं आणि मग तक्रारी वाढल्या.

हिशेब मी नंतर मांडला, खरं तर आधी मांडायला हवा होता. शंभरातली दहा पॅकेटं हरवत असतील तर एक पॅकेट पोचवायला सरासरी १.११ वेळा पाठवावं लागतं. निम्मी हरवत असतील तर दोनदा. नव्वद हरवत असतील तर दहादा. निम्मी हरवत असताना ७ प्रयत्नांनंतरही न पोचणारी पॅकेटं हजारात आठच उरतात, म्हणजे तिथे ७ पुरेसे आहेत. नव्वद टक्के हरवत असताना मात्र ७ प्रयत्नांनंतरही ४८ टक्के हरवलेलीच राहतात. २० प्रयत्न केले तरी १२ टक्के उरतात. ती १२ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यासाठी हवेतला जवळजवळ सगळा वेळ फेरपाठवणीत जातो, आणि मागे उभी असलेली पॅकेटं रांगेत तुंबतात. पिंग तीन सेकंदांवर का गेलं याचं उत्तर त्या रांगेत होतं.

शिवाय हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र आहे, म्हणजे आत्ता हरवलं तरी पुढच्या खेपेला जाण्याची शक्यता तेवढीच. शेजारच्या रेडिओशी टक्कर झाली असेल तर ते खरं आहे. मिलिसेकंदानंतर हवा मोकळी असते. पण सिग्नलच तासभर खाली बसलेला असेल तर दुसरा, पाचवा आणि विसावा प्रयत्न एकाच खड्ड्यात जातात. फेरपाठवणी उपयोगी पडायची असेल तर दोन प्रयत्नांमधला काळ आणि नुकसान टिकण्याचा काळ यांचा मेळ बसायला हवा. आमच्याकडे प्रयत्न होत होते मिलिसेकंदांत आणि नुकसान टिकत होतं तासभर.

आधी एक वेगळा दोष काढून टाका

मूळ कारणाकडे जाण्याआधी एक सांगतो, कारण लांबच्या लिंकवर हा दोष हमखास सापडतो आणि दुसऱ्या दोषात मिसळून जातो. रेडिओ बदलला किंवा फर्मवेअर नव्याने टाकलं की अंतराचं सेटिंग मूळ जागी जातं. आमच्या खालच्या रेडिओत ते १ किलोमीटर होतं.

रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. ५.२ किलोमीटरला एका बाजूने १७ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन ३५. समोरचा रेडिओ फ्रेम मिळाल्यावर ठरलेली १६ मायक्रोसेकंदांची उसंत घेऊन पोच पाठवतो. पाठवणाऱ्याने अंतर एकच किलोमीटर धरलं असेल तर प्रवासासाठी तो जेमतेम ७ मायक्रोसेकंद थांबतो. पोच वाटेत असतानाच तो समजतो की फ्रेम हरवली, आणि पोचलेलीच फ्रेम पुन्हा पाठवतो. पलीकडचा रेडिओ क्रमांक पाहून दुसरी प्रत टाकून देतो, त्यामुळे लिंक वापरणाऱ्या कुणाला काही कळत नाही. फक्त वेग रडतखडत राहतो.

हा दोष ओळखणं सोपं आहे. सिग्नल उत्तम, पॅकेट फारशी हरवत नाहीत, तरी रेडिओच्या पानावर रिट्रायचा आकडा चोवीस तास चढाच. दोन्ही टोकांना अंतर खऱ्यापेक्षा थोडं जास्त भरा. आम्ही ६ किलोमीटर भरलं. फार जास्त भरू नका, कारण मग खरंच हरवलेल्या प्रत्येक फ्रेममागे रेडिओ उगाच ताटकळतो.

यानंतर आमचा नेहमीचा वेग सुधारला. बुडणं मात्र तसंच राहिलं. म्हणजे ते वेगळं होतं.

वही

सोसायटीत हिशेब लिहिणाऱ्या ताईंना मी एक वही दिली. लिंक अडकली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची, बाकी काही नाही. त्यांनी स्वतःहून शेजारी तिथीही लिहिली, कारण धक्क्यावरचा सगळा व्यवहार तिथीने चालतो. त्या एका रकान्याने माझे महिने वाचवले.

वेळ रोज सरकत होती. आज आठला अडकली तर उद्या नऊला दहा कमी असताना, परवा पावणेदहाच्या सुमारास. रोज पन्नासेक मिनिटं पुढे. वीज, शेजारचा टॉवर, बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर, ही सगळी माणसाच्या घड्याळाने चालतात. रोज पन्नास मिनिटं सरकणारी गोष्ट चंद्राच्या घड्याळाने चालते. भरतीची वेळ ढोबळ काढायची किनाऱ्यावरची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाला भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण वही तपासायला एवढं पुरलं.

पाण्याचा संबंध आहे हे कळल्यावर मी चुकीचा निष्कर्ष काढला. मला वाटलं, उधाणाला पाणी वर चढतं तेव्हा लहरीच्या वाटेत येत असेल. वही उलट सांगत होती. पूर्ण भरतीला लिंक झकास, पूर्ण ओहोटीलाही झकास. बुडत होती ती अधल्यामधल्या पाण्याला, म्हणून दिवसातून चार वेळा: दोनदा पाणी चढताना, दोनदा उतरताना. आणि सगळ्यात वाईट दिवस उधाणाचे (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीचे) नव्हतेच, भांगाचे (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीचे) होते. उधाणाला बुडणं वीस-पंचवीस मिनिटांत संपायचं, अष्टमीच्या आसपास तास-तास चालायचं.

धक्क्यावरच्या एका वयस्कर तांडेलकाकांना (होडीच्या प्रमुखांना) हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, भांगाचं पाणी मेलेलं असतं. वर चढत नाय, खाली उतरत नाय, मध्येच रेंगाळतं." त्या रेंगाळण्यातच उत्तर होतं.

पाणी आरसा होतं

खालच्या डिशला दोन लहरी मिळतात. एक सरळ आलेली, दुसरी खाडीच्या पाण्यावर आपटून आलेली. आपटलेली लहर किंचित लांबून येते आणि इतक्या तिरप्या कोनात पाण्यावरून परतताना तिची कला उलटी होते, म्हणजे चढाच्या जागी उतार येतो. त्यामुळे दोन वाटांमधला फरक बरोबर पूर्ण तरंगलांबीच्या पटीत आला की दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. अर्ध्याने पुढे-मागे असला की एकमेकींना जोर देतात.

फरक काढायचं सूत्र सोपं आहे: दोन्ही डिशच्या पाण्यापासूनच्या उंचीचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले अंतर. आमची वरची डिश उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून ३८ मीटर, खालची ९ मीटर. फरक आला १३.२ सेंटीमीटर. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५.१७ सेंटीमीटर, म्हणजे अडीच लांब्या. म्हणून भरतीला जोर. धक्क्याच्या खांबावर रंगाने खुणा करून आम्ही पाणी मोजलं. उधाणाला ते अडीच मीटरच्या आसपास उतरतं. तेव्हा उंची ४०.५ आणि ११.५ मीटर, फरक १७.९ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीन लांब्या. पुन्हा जोर. मध्ये कुठेतरी बरोबर तीन लांब्या होतात, आणि गणिताने ती जागा भरतीच्या खुणेखाली सव्वा मीटरवर येते. अगदी मध्यावर. भांगाचं पाणी याच मध्याभोवती अर्धा मीटर वर, अर्धा मीटर खाली एवढंच हलतं. त्या दिवसांत लिंक खड्ड्याच्या काठावरून कधी दूर जातच नव्हती.

रेडिओवरचे आकडे याला धरून होते. उधाणाच्या भरतीला सिग्नल उणे ५८ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), भांगाला कसाबसा उणे ६३-६४, आणि खड्ड्यात उणे ८०च्या खाली.

लाटा असल्या की आरसा मोडेल, ही आशा खाडीत फोल आहे. लहर पाण्याला अर्ध्या अंशाच्या आसपास कोन करून लागते, आणि एवढ्या तिरप्या नजरेला अर्ध्या-पाऊण मीटरची लाटसुद्धा सपाटच दिसते. डिशचं तोंड वर करूनही फार काही साधत नाही. सरळ आणि परतलेल्या लहरीत एक अंशाचाही फरक नसतो, आणि डिशचा झोत त्याहून कितीतरी रुंद असतो. एकाच डिशमधल्या उभ्या-आडव्या दोन ध्रुवणांचाही (लहर थरथरण्याच्या दिशांचाही) आधार मिळत नाही. उंची एकच असल्याने दोन्ही बरोबरच बुडतात.

काय बदललं

पहिला विचार उंचीचा होता. सोसायटीच्या गच्चीवर आहे त्या डिशच्या पावणेदोन मीटर वर किंवा खाली दुसरी डिश लावली तर एक खड्ड्यात असताना दुसरी शिखरावर असते. गणित बरोबर आहे, पण आमच्या गच्चीवरचा खांब आणखी उंच करायला मी धजलो नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यात काय काय उडालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

मग बिनखर्चाचा प्रयोग केला: वारंवारता बदलली. ५.८ च्याच पट्ट्यात इकडून तिकडे चॅनल बदलून खड्डा फक्त नऊ-दहा सेंटीमीटर सरकतो. परवानगीच्या मर्यादेत शक्ती ठेवून ५.२ गिगाहर्ट्झवर गेलं तर तरंगलांबी ५.७७ सेंटीमीटर होते आणि खड्डा भरतीच्या खुणेखाली सव्वा मीटरवरून २.२ मीटरवर जातो. तेवढं खाली पाणी फक्त उधाणाच्या ओहोटीला जातं. पुढच्या अष्टमीला वहीत एकही नोंद पडली नाही. अमावास्येला दोन पडल्या, दोन्ही ओहोटीच्या. निदान पक्कं झालं ते तेव्हा.

शेवटी जुनी सुटी डिशची जोडी ५.८ वर ठेवली, मुख्य ५.२ वर, आणि राउटर दोन्हीकडची पिंग बघून बरी वाट निवडतो. दोन्ही खड्डे पाण्याच्या वेगवेगळ्या पातळीवर आहेत, एकदम कधीच येत नाहीत.

हे झाल्यावर रिट्राय परत ७ वर आणला. चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. गोंगाट निम्मा होतो, आणि आम्हाला तेवढा वेग लागतही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेग ठरवण्याचं काम रेडिओवर सोडलं. आधी कुणीतरी तो वरच्या पायरीवर पक्का करून ठेवला होता. वाय-फायच्या ८०२.११एन मानकात २० मेगाहर्ट्झवर सगळ्यात वरच्या पायरीला किमान उणे ६४ सिग्नल धरलेला आहे, सगळ्यात खालच्या पायरीला उणे ८२. मध्ये १८ डीबी आहेत. पहिला प्रयत्न वरच्या पायरीवर फसला तर दुसरा-तिसरा खालच्या पायरीवर करणारा रेडिओ तीन प्रयत्नांत जे साधतो ते एकाच पायरीवर वीस वेळा डोकं आपटून साधत नाही. फ्रेमा एकत्र बांधून पाठवण्याची सोयही चालू ठेवा. एका गठ्ठ्यात ६४ पर्यंत फ्रेमा जातात, पोच एकच येते आणि तिच्यात कुठल्या मिळाल्या, कुठल्या नाहीत हे लिहिलेलं असतं. हरवलेल्या तेवढ्याच परत जातात.

सिग्नल आला तरी काम का सुरू होत नाही

यावर बऱ्याच जणांचं डोकं फिरतं. रेडिओच्या वर टीसीपी (इंटरनेटवर माहिती खात्रीने आणि क्रमाने पोचवणारा नियमसंच) आहे आणि तोही स्वतःच्या हिशेबाने फेरपाठवणी करतो. उत्तर आलं नाही की तो थांबण्याचा काळ दरवेळी दुप्पट करतो: एक सेकंद, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. लिंक अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ पूर्ण बंद पडून सुरू झाली की पुढचा प्रयत्न कदाचित आणखी अर्ध्या मिनिटाने असतो. सिग्नल उभा आहे, पान हलत नाही. टीसीपीची ही चाल बरोबरच आहे, कारण नुकसान म्हणजे वाटेत गर्दी असंच तो समजतो आणि गर्दीत मागे सरणं शहाणपणाचं. लिंक सुटल्यावर काम लगेच सुरू व्हावं असं वाटत असेल तर जुनी जोडणी सोडून नवी करा.

डिझेलची दुहेरी नोंद

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही. लिंक बुडण्याच्या दिवसांत दोन होड्यांच्या खात्यावर डिझेल दोनदा लागलं. पैशांचा प्रश्न, त्यात माणसांवर संशय. कुणीही काही चुकीचं केलं नव्हतं. नोंद वर पोचली होती, तिची पोच परत येताना हरवली, ॲपने दहा सेकंद वाट पाहून नोंद पुन्हा पाठवली आणि वरच्या यंत्राने ती नवी समजून लिहिली.

फेरपाठवणी आली की दुहेरी प्रत येणारच. पोच हरवली की माल हरवला हे पाठवणाऱ्याला वेगळं कळूच शकत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला ती जन्मतानाच, खालच्या यंत्रावर, कायमचा क्रमांक द्यायचा. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक. वर तो क्रमांक आधी आला असेल तर पोच द्यायची, पण लिहायचं नाही. रेडिओ आपल्या फ्रेमांसाठी हेच करतो. ॲपलाही आपल्या नोंदींसाठी ते करावं लागतं, रेडिओ त्याच्यासाठी करू शकत नाही. सेन्सरसाठी एमक्यूटीटी (छोटे संदेश पोचवण्याची पद्धत) वापरत असाल तर त्यातली 'क्यूओएस १' ही भरवशाची पातळी म्हणजे 'निदान एकदा पोचेल' एवढाच आहे, दोनदा येऊ शकतं.

आणि सगळ्याला एकच नियम लावू नका. डिझेलची नोंद तासाने पोचली तरी चालेल, पण पोचलीच पाहिजे आणि एकदाच. ती खालच्या यंत्रात साठवायची आणि लिंक चांगली असताना सोडायची. कॅमेऱ्याचं चित्र दोन सेकंद उशिरा आलं तर निरुपयोगी. त्याला एक-दोन रिट्राय पुरेत, गेलं तर गेलं. बर्फ कारखान्याच्या तापमानात ताजा आकडाच कामाचा, मागच्या अर्ध्या तासाचे साठ आकडे फेरपाठवून रांग भरण्यात अर्थ नाही. कमाल तापमान तेवढं जपून ठेवा.

लिंक सुटताच सगळे सेन्सर एकदम बोलायला लागले की पुन्हा टक्कर होते. १९७१ मध्ये हवाईतल्या बेटांना रेडिओने जोडणाऱ्या अलोहानेटमध्ये नॉर्मन अब्रामसन आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय वापरला होता: पोच आली नाही तर प्रत्येकाने आपापला मनमानी वेळ थांबायचं, ठरावीक नाही. आमच्या सेन्सरमध्ये पाच सेकंदांचा ठरावीक थांबा होता. तो दोन ते वीस सेकंदांमधला कुठलाही असा केला, फसला तर दुप्पट.

वही अजून चालू आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निवांत संध्याकाळी तीन-चार वेळा लिंक अशी बुडाली की तिथीशी काहीच जुळलं नाही. तापलेली हवा थंड पाण्यावर आली की लहर थोडी वाकते आणि खड्डा जागा सोडतो, असा माझा कयास आहे. ताई आता तिसऱ्या रकान्यात वारा लिहितात.